मॉनिटर

कॉन्व्हेंटमध्ये शिकल्यामुळे 'मॉनिटर' म्हटलं की मला फळ्यावर दंगेखोरांची नावं लिहिणारा मुलगाच आठवायचा. त्या यादीत माझं नाव कायम असायचं. घोरपडीला इंग्रजीत 'मॉनिटर लिझार्ड' म्हणतात हे होस्टेलवर आल्यावर कळलं, आणि तिनेही माझं नाव लिहून घेतलं. त्याची ही गोष्ट. (ऱ्हस्व-दीर्घ संपादकांनी सांभाळून घ्यावं!)

गेल्या ऑगस्टमध्ये वर्कशॉपच्या मागे नव्या बिल्डिंगसाठी चर खणला होता. पावसाचं पाणी साचलं आणि दीड फुटाची एक घोरपड आत अडकली. पिल्लूच होतं. अंगावर पिवळसर ठिपके, दुभंगलेली जीभ सारखी आत-बाहेर. माझा रूम पार्टनर गावाकडचा. त्याने पोतं टाकून तिला अलगद उचललं आणि म्हणाला, "चल, मागच्या टेकडीवर सोडू." मी म्हणालो, "थांब ना यार, पाळू!" अमेरिकेत लोक आफ्रिकेतल्या सवाना मॉनिटर घरात पाळतात, त्याचे व्हिडिओ मी पाहिले होते. पार्टनर नको नको म्हणत होता. मी ऐकलं नाही.

सीनियरने टाकून दिलेला तीन फुटी फिशटँक, वर जाळी, त्यावर १०० वॅटचा बल्ब. झालं घर! नाव ठेवलं यशवंती. तानाजीच्या घोरपडीची दंतकथा आम्हा कॉन्व्हेंटवाल्यांनाही माहीत असते हो!

आता थोडं हीट ट्रान्सफर. (पळू नका!) घोरपड अंगातली उष्णता बाहेरून घेते. उन्हात तापायचं, पुरेसं तापलं की सावलीत नाहीतर बिळात जायचं, असं तिचं दिवसभर चालतं. म्हणजे पिंजऱ्याचं एक टोक चांगलं तापलेलं हवं आणि दुसरं गार. लॅबमधलं थर्मोकपल आणून मी मोजलं. बल्बखाली ५१ अंश, लांबच्या कोपऱ्यात ३८! तीन फुटांत गार कोपरा उरतच नव्हता. बल्ब बंद केला की ती पावसाळी हवेत गारठून पडायची. थोडक्यात, तिच्यापुढे दोनच पर्याय होते, भाजणं किंवा गारठणं. आणि तेही मी ठरवणार.

मग मी 'प्रॉपर डिझाइन' करायला बसलो. आपल्याकडची घोरपड शेपटीसकट पावणेदोन मीटरपर्यंत वाढते. तिला किमान ८ × ४ फुटांची जागा आणि बीळ खणायला दोन फूट खोल माती हवी. हिशोब केला. नुसती माती पावणेतीन टन! आमची रूम दुसऱ्या मजल्यावर. सिव्हिलवाला मित्र म्हणाला, "अरे, खोलीचा स्लॅब चौरस मीटरला दोनशे किलोच्या लोडवर डिझाइन करतात. तू नऊशे टाकणार? आधी खालच्यांना तरी सांग."

आम्ही हसलो. यशवंती मात्र काही खात नव्हती. अंडं दिलं, मेसमधली झुरळं दिली (त्यांना तोटा नाही!). ती बाहेर पडायला जाळीला तोंड घासत राहायची. चौथ्या दिवशी सकाळी पाहिलं तर नाकपुडीजवळचं कातडं सोलवटून लाल झालं होतं आणि जाळीला रक्त लागलं होतं.

पार्टनर बराच वेळ बघत राहिला. मग म्हणाला, "आमचा आजा घोरपड मारून खायचा. ते चूकच. पण तो एकदाच मारायचा. तू रोज थोडी थोडी मारतोयस."

यावर माझ्याकडे उत्तर नव्हतं. कायदा मी त्यानंतर वाचला. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याच्या पहिल्या अनुसूचीत, म्हणजे वाघाच्या शेजारी, घोरपड आहे. पकडणं, पाळणं, सगळाच गुन्हा. कमीत कमी तीन वर्षं कैद. आणि मी थर्मोकपल लावत बसलो होतो!

वनविभागाच्या १९२६ नंबरवर फोन केला. संध्याकाळी वनरक्षक काका आले. तिला हातात घेऊन त्यांनी विचारलं, "हे तोंडाला कशानं लागलं?"

"चरात लागलं असेल," मी म्हणालो. "आजच सापडली."

पार्टनरने माझ्याकडे पाहिलं. बोलला काहीच नाही. काका म्हणाले, "बरी झाली की सोडू," आणि तिला घेऊन गेले. पुढे काय झालं ते विचारायला मी फोन केला नाही. केला असता तर पुन्हा खोटं बोलावं लागलं असतं.

हे लिहायचं कारण तेवढंच. ती आज सापडली नव्हती, चार दिवस माझ्याकडे कोंडलेली होती. होस्टेलच्या मागे टेकडी आहे, पुन्हा कुणाला तरी घोरपड दिसणारच. अडकली असेल तर तो चार आकडी नंबर लावा, रूमवर आणू नका. तुमचं डिझाइन कितीही भारी असू दे.

आणि रेक्टर सर, हे तुम्ही वाचणार हे मला माहीत आहे. पार्टनर पहिल्या दिवसापासून नको म्हणत होता. फळ्यावर नाव लिहायचं असेल तर माझं एकट्याचंच लिहा.