उसनें नांव

नांव ठेवण्याची हौस आम्हांला लहानपणापासून आहे. ‘नांवें ठेवण्याची’ तर प्राध्यापकाच्या पेशाबरोबरच येते. पण आम्ही बोलत आहों ती एकवचनी हौस. आळींतलीं दोन कुत्रीं, एक सहकारी गृहसंस्था आणि आमच्या महाविद्यालयाचें वार्षिक, इतक्यांचें नामकरण आमच्या हातून झालेलें आहे. तेव्हां आमची पुण्याची भाची जेव्हां आपल्या नव्या ॲपला नांव मागूं लागली, तेव्हां अर्ध्या मिनिटाचा विचार आम्हांला पुरेसा वाटला.

ॲप मोठें उपयोगी होतें. एका बड्या कंपनीकडून घरपोच किराणा मागविणाऱ्या, एकाच बिऱ्हाडांत राहणाऱ्या चार मुलींपैकीं महिनाअखेर कोणी कोणास किती द्यावयाचें, याचा हिशेब तें आपोआप मांडून देई. आम्हीं त्या कंपनीचें नांव घेतलें, त्याला ‘सोबती’ हा शब्द जोडला आणि भाचीच्या हवालीं केलें. (कंपनीचें नांव येथें लिहीत नाहीं. दुधानें तोंड पोळलें आहे. ताक फुंकून पीत आहों.) अकरा महिन्यांत हजारों लोक तें वापरूं लागले, आणि बाराव्या महिन्यांत कंपनीच्या वकिलांचें पत्र आलें : सात दिवसांत नांव बदला, चिन्ह बदला. चिन्हाचा रंगहि तिनें, नांवाला शोभावा म्हणून, कंपनीचाच घेतला होता. ‘‘मामा, तुम्ही नांव दिलंत, तेव्हां मला वाटलं तुम्हांला सगळं ठाऊक असेल,’’ एवढेंच ती म्हणाली. रागावली असती तर बरें झालें असतें.

आम्ही प्रथम हट्टास पेटलों. सोबत्याला सोबती म्हणण्यास परवानगी कोणाची? १९९९ च्या व्यापारचिन्ह कायद्याचें ३० वें कलम उघडलें, तों त्यांत सोय दिसली. आपला माल दुसऱ्याच्या मालाला पूरक असेल, तर तो कशाला पूरक आहे हें सांगण्यापुरतें दुसऱ्याचें चिन्ह वापरतां येतें. मात्र तें वापरणें वाजवी गरजेचें असावें, आणि नसलेला व्यापारी संबंध त्यांतून भासूं नये. (कायदा येथें ‘माल’ म्हणतो, ॲप हा माल कीं सेवा, हा वाद वकिलांना लखलाभ होवो.) युरोपांत तर हाच प्रश्न दाढीच्या पात्यांवरून निघाला होता. फिनलंडमधील एका कंपनीनें आपल्या पात्यांच्या पाकिटावर, हीं पातीं जिलेटच्या ‘सेन्सर’ दांड्यालाहि बसतात, अशी चिठ्ठी लावली होती. ग्राहकाला ही माहिती देण्याचा दुसरा व्यवहार्य मार्ग नसेल आणि वर्तन प्रामाणिक असेल, तर असा उल्लेख चालतो, असें युरोपीय न्यायालयानें १७ मार्च २००५ रोजीं सांगितलें.

हें सारें आम्हीं मोठ्या उत्साहानें आमच्या एका वकील वर्गमित्रास ऐकविलें. तो म्हणाला, ‘‘त्या फिनलंडवाल्यानें पात्याचें नांवच ‘जिलेट-सोबती’ असें ठेवलें नव्हतें. चिठ्ठी निराळी, बारसें निराळें.’’ आम्ही गप्प झालों. ‘अमुक सेवेसाठीं’ हें वर्णन झालें. ‘अमुक-सोबती’ वाचणारा मात्र हें त्याच दुकानाचें दुसरें दार आहे, असें सहज समजतो. आमच्या भाचीचा आरंभींचा खपहि बहुधा त्याच समजुतीवर झाला असावा, हें त्या रात्रीं आमच्या ध्यानांत आलें.

आणि न्यायालयापर्यंत जाण्याची पाळी येते तरी किती जणांवर? ट्विटरवर छायाचित्रें टाकण्याची सोय ‘ट्विटपिक’नें २००८ सालीं केली. पुढें आपलें नांव व्यापारचिन्ह म्हणून नोंदविण्यासाठीं त्यानें अर्ज केला. २०१४ च्या सप्टेंबरांत त्याच्या संस्थापकानें जाहीर केलें कीं, अर्ज सोडा, नाहींतर आमच्या यंत्रणेशीं असलेली जोडणी तोडूं, असें ट्विटरनें कळविलें आहे. एवढ्या मोठ्या कंपनीशीं झगडण्याचें बळ नसल्यामुळें आम्ही काम बंद करीत आहों. दुसऱ्याच्या विहिरीवर रहाट बसविणाऱ्याला खटल्याची भीति कमी. मालक विहिरीस कुलूप लावील, ही अधिक. गंमत अशी कीं, ज्या नांवापायीं हें घडलें, तें ट्विटरनेंच २०२३ सालीं टाकून दिलें आणि ‘एक्स’ हें एक अक्षर धारण केलें.

भाचीनें चौथ्या दिवशीं नांव उतरविलें. आम्हीं लाजतलाजत ‘किराणा-हिशेब’ असें सुचविलें. वकिलानें तेंहि परतविलें. नुसतें वर्णन करणाऱ्या नांवाची नोंदणी ९ व्या कलमामुळें कठीण, म्हणाला. एकूण काय, दुसऱ्याचें नांव घ्यावयाचें नाहीं आणि कामाचेंहि सांगावयाचें नाहीं! शेवटीं तिनेंच ‘चिंचोका’ हें नांव काढलें. लहानपणीं सुट्टींत आमच्या घरीं पत्त्यांचा डाव पडे, तेव्हां ती हातांचा हिशेब चिंचोक्यांनीं ठेवीत असे. नांवाखालीं बारीक अक्षरांत, ॲप कोणत्या सेवेसाठीं आहे आणि त्या कंपनीशीं आपला संबंध नाहीं, हें लिहिलें. अर्जाचे ४५०० रुपये आम्हीं भरले. अर्ज तपासणींतून पार पडला तर तें नांव व्यापारचिन्हांच्या सरकारी नियतकालिकांत छापून येईल, आणि मग चार महिने कोणालाहि हरकत घेण्याची मुभा राहील.

ऐकींव कीर्तीवर जुन्या नांवानें शोधणाऱ्यांना मात्र आतां तें ॲप सांपडत नाहीं. अशीं किती माणसें दुसरीकडे गेलीं, याचा आंकडा तिच्यापाशीं असावा. आम्हीं विचारलेला नाहीं.