हॅलोवीनला मुलांना कुठे न्यायचं?

ऑक्टोबर सरत आला की पूर्वी आमच्या घरात एकच चर्चा असायची. फराळाचं काय काय करायचं आणि कुणाकडे किती डबे पाठवायचे. गेली काही वर्षं त्यात आणखी एका प्रश्नाची भर पडली आहे. ३१ तारखेला मुलांना 'ट्रिक ऑर ट्रीट'ला कुठे न्यायचं?

हसू नका मंडळी! तीस-बत्तीस वर्षं मराठी शाळेत शिकवलेल्या बाईला या वयात हा प्रश्न पडावा याचं मलाही हसू येतं. पण नातवंडांच्या घरात राहायचं तर त्यांचे प्रश्न आपले करून घ्यावे लागतात. आणि खरं सांगू का, जसजसा मी विचार करत गेले तसतसा हा प्रश्न मला फार जुना आणि फार ओळखीचा वाटायला लागला.

ज्यांना हा प्रकार ठाऊक नाही त्यांच्यासाठी थोडक्यात सांगते. १ नोव्हेंबर हा ख्रिस्ती लोकांचा सर्व संतांचा दिवस आणि त्याची आदली रात्र म्हणजे हॅलोवीन. मुलं भुताखेतांची सोंगं घेऊन घरोघर जातात आणि 'खाऊ द्या, नाहीतर खोडी काढू' असं म्हणतात. जुन्या काळी इंग्लंडात या सुमाराला गोरगरीब आणि मुलं घरोघर जाऊन त्या घरातल्या गेलेल्या माणसांसाठी प्रार्थना करायची आणि त्याबद्दल त्यांना छोटे गोड केक मिळायचे. म्हणजे नुसतं मागणं नव्हतं, काहीतरी देणंही होतं. आयर्लंड-स्कॉटलंडची माणसं अमेरिकेला गेली, त्यांच्याबरोबर या चालीही गेल्या. दुसऱ्या महायुद्धात अमेरिकेत साखरेचं रेशनिंग होतं, ते १९४७ साली उठलं आणि मग हा चॉकलेटांचा उत्सव जोरात सुरू झाला. आपल्याकडे तो आला सिनेमांतून, इंग्रजी शाळांतून आणि मॉलमधून. माझ्या एक ख्रिस्ती शेजारीण आहेत, मूळच्या गोव्याच्या. त्या म्हणतात, "टीचर, आमच्या लहानपणी हे असलं काही नव्हतं. आम्ही २ नोव्हेंबरला स्मशानात जाऊन आपल्या माणसांच्या थडग्यावर मेणबत्ती लावतो, तेवढंच." म्हणजे त्यांच्याकडेही हा पाहुणाच!

मी पहिल्यांदा हे पाहिलं ते २००९ साली, लेकीकडे न्यू जर्सीत एडिसनला गेले होते तेव्हा. मुलं चॉकलेटं गोळा करायला चक्क उशीचे अभ्रे घेऊन फिरत होती. मला दाराशी बसून चॉकलेटं वाटायचं काम दिलं होतं. मी आपलं स्टीलचं पातेलं भरून घेऊन बसले, तर लेक म्हणाली, "आई, अगं हळदीकुंकू नाहीये हे!" तिथली एक रीत मला फार आवडली. दारावरचा दिवा लावलेला असेल तर या, नसेल तर मुकाट्याने पुढे जा. कुणी रागवत नाही, कुणी बेल वाजवून सतावत नाही.

पण तिथेही 'कुठे न्यायचं' हा प्रश्न होताच. काही लोक मुलांना गाडीत घालून दुसऱ्या, जास्त श्रीमंत वस्तीत नेत. का, तर तिथे मोठी चॉकलेटं मिळतात. काही ठिकाणी तर एखाद्या पार्किंगमध्ये गाड्या ओळीने उभ्या करतात, डिकी उघडतात, आणि मुलं या डिकीतून त्या डिकीकडे. सुरक्षित आहे, सोयीचं आहे. फक्त त्यात दारच नाही!

असो. आता येरवड्याकडे येते.

आमच्या येरवड्याची पुण्यात ओळख काय? एक जेल आणि दुसरं मनोरुग्णालय. "याला येरवड्याला पाठवा" हा विनोद आम्ही येरवडेकर जन्मभर ऐकत आलो आहोत. जेल १८७१ चं. गांधीजी आणि डॉ. आंबेडकर यांचा पुणे करार २४ सप्टेंबर १९३२ ला झाला तो इथेच. म्हणजे बाहेरच्यांना येरवडा ठाऊक आहे तो बंद दारांसाठी. आत राहणाऱ्या आम्हाला मात्र उघडी दारंच जास्त आठवतात. मी १९७५ साली लग्न होऊन इथे आले तेव्हा दुपारी दार लावून घेतलं तर शेजारीण विचारायची, "काय हो, बरं नाही का?"

तर आमच्यापुढे तीन पर्याय होते. पहिला, मॉल. तिथे सजावट असते, फोटो छान येतात. पण दुकानदार ज्याला त्याला देणार, त्याला आपली मुलं कोण हे ठाऊक नाही आणि त्याला त्याचं काही पडलेलंही नाही. दुसरा, कल्याणीनगरमधली नातीच्या मैत्रिणीची सोसायटी. मेट्रोने गेलं तर येरवड्यापासून फक्त एक स्टेशन! तिथे उंच इमारती, लिफ्ट, आणि नातीच्या माहितीनुसार 'फॉरेनची चॉकलेटं'. फक्त गेटवर आधी नाव, फोन नंबर, फ्लॅट नंबर नोंदवायचा, वरून होकार आला की मग आत. आणि तिसरा पर्याय म्हणजे आमचीच सोसायटी. तीन मजल्यांच्या दोन जुन्या इमारती, चोवीस बिऱ्हाडं, लिफ्ट नाही.

मुलांचं मत अर्थातच दुसऱ्याला. सूनबाई म्हणाली, "आई, तुम्हीच ठरवा." आता ठरवायचं कसं?

मला आठवला आमचा साताऱ्याचा हादगा. पुण्यात भोंडला म्हणतात तोच. पाटावर हत्ती काढायचा, भोवती फेर धरायचा, गाणी म्हणायची आणि शेवटी झाकलेली खिरापत ओळखायची. आज हिच्याकडे, उद्या तिच्याकडे. आमच्या आळीत एक मुलगी होती. वडील नव्हते, आई शिवणकाम करायची. तिच्याकडे दरवर्षी फुटाणेच असायचे. आम्हा सगळ्यांना ते ठाऊक असायचं. पण मोठ्या मुली आम्हाला आधीच बजावून ठेवायच्या, "कुणी पटकन ओळखायचं नाही हं!" मग आम्ही लाडवापासून सुरुवात करायचो, करंजी, वडी, शिरा, बासुंदी... सगळ्या पदार्थांची यादी संपली की कुणीतरी हळूच "फुटाणे?" म्हणायचं. आणि तिची आई हसत हसत डबा उघडायची. तिचं घर कुणी वगळलं नाही. वगळायचं असतं हे कुणाच्या डोक्यातही आलं नाही.

आपल्याकडे दारोदार जाऊन मागण्याच्या किती रीती होत्या पाहा. देवीचा जोगवा पाच घरी मागायचा. पुण्यात शिकायला आलेली गरीब मुलं माधुकरी मागून, वार लावून शिकली. संक्रांतीला आम्ही तिळगुळाचा डबा घेऊन निघायचो, दसऱ्याला आपट्याची पानं घेऊन. या प्रत्येकात एक गोष्ट सारखी होती. कुठे जास्त मिळेल हे पाहून कुणी घर निवडत नसे. जोगव्याला पाच घरं पुरत, कारण तिथे झोळी भरायची नसते, मान लवायची असते. मुलांना मागायला शिकवायचं तर आधी हे शिकवायला हवं, असं मला वाटलं.

म्हणून २०२४ साली मी आमच्याच सोसायटीच्या बाजूने कौल दिला. त्या वर्षी गंमतच झाली होती. ३१ ऑक्टोबरलाच नरकचतुर्दशी आली. पहाटे अभ्यंगस्नान करून पायाच्या अंगठ्याने कारीट फोडून नरकासुर मारला, आणि संध्याकाळी तीच मुलं तोंडाला पीठ फासून राक्षस झाली!

आदल्या आठवड्यात नातीने वहीत दारांची यादी केली. एडिसनची रीत मी इथे लावली. ज्यांना मुलं यायला हवी आहेत त्यांनी दाराबाहेर पणती ठेवायची. तशा दिवाळीत पणत्या असतातच, म्हणून मग ठरलं की दाराच्या उजव्या बाजूला तीन पणत्या. यादी करता करता नातीने पेन थांबवलं आणि विचारलं, "आजी, खाली पंपाच्या खोलीशेजारी जायचं का?"

तिथे वॉचमनचं बिऱ्हाड आहे. नवरा-बायको आणि एक मुलगी, नातीच्याच वयाची. बायको चार घरची धुणीभांडी करते. चिरंजीव म्हणाले, "आई, त्यांना कशाला उगाच खर्चात टाकायचं?" त्याचं म्हणणं अगदीच खोटं नव्हतं. ज्यांच्याकडे कमी आहे त्यांच्या दारात मागायला जाणं हे ओझं होऊ शकतं. पण चोवीस दारं वाजवायची आणि पंचविसावं तेवढं सोडायचं, यातून त्या मुलीला काय कळलं असतं? आणि आमच्या नातीला?

मी आदल्या दिवशी खाली गेले. म्हटलं, "उद्या मुलं सगळीकडे जाणार आहेत. तुझ्याकडे आली तर चालेल का? नाही म्हणालीस तरी काही हरकत नाही."

ती म्हणाली, "अहो बाई, सगळ्यांकडं जाणार अन् आमच्याकडं नाही का? या की! अन् माझ्या पोरीलाबी न्या बरोबर."

मिटलाच प्रश्न. आईची काळी ओढणी पांघरून ती पोर अशी काही चेटकीण झाली की सोसायटीतला लहानातला लहान मुलगा घाबरून रडायला लागला. तिच्या घरी मिळाल्या शंकरपाळ्या. कागदाच्या पुड्या आधीच बांधून ठेवलेल्या, अकरा मुलांच्या अकरा. वर एक जास्तीची, "बाईंना" म्हणून!

त्या संध्याकाळची आणखी एक गोष्ट सांगायची राहिली. तिसऱ्या मजल्यावर एक काका राहतात. वय पंच्याऐंशीच्या पुढे, गुडघ्यांमुळे खाली उतरत नाहीत, मुलगा परदेशात. त्यांच्या दाराशी तीनच्या जागी पाच पणत्या होत्या. त्यांनी दार उघडलं आणि एकेका भुताला चष्म्यातून न्याहाळत विचारलं, "तू कुणाचा रे? तू कुणाची गं?" मुलं आपापल्या आईवडिलांची नावं सांगत होती. वॉचमनच्या मुलीनेही सांगितलं. "हां, म्हणजे रोज मला पेपर वर आणून देतो त्याची तू!" असं म्हणून त्यांनी तिच्या हातात लिमलेटच्या दोन गोळ्या जास्त ठेवल्या. मोठ्या गेटवर फोन नंबर विचारतात, इथे 'तू कुणाची' विचारतात. चौकशी दोन्हीकडे आहे. पण एका चौकशीने माणूस परका ठरतो, दुसरीने आपला.

आता कल्याणीनगरचं काय? नातीच्या मैत्रिणीकडे जायचं नाही असं मी मुळीच म्हटलं नाही. फक्त एक अट घातली, की तिनेही आपल्याकडे यायचं. २०२५ साली ३१ तारीख आली तेव्हा दिवाळी होऊन आठवडा उलटला होता, फराळाचे डबे तळाला गेले होते. तेव्हा आमची दोघं मैत्रिणीकडे जाऊन आली आणि दुसऱ्या दिवशी, शनिवारी, ती आमच्याकडे आली. जिने चढताना तिला धाप लागली, पण काकांच्या दारातून ती लवकर हलेना. "आमच्याकडे एवढे प्रश्न कुणीच विचारत नाही," असं म्हणाली.

कुणाला यंदा हाच प्रश्न पडला असेल तर माझे चार नियम सांगते, शिक्षिकेची सवय म्हणून समजा हवं तर. पायी जाता येईल एवढंच लांब जावं. ज्या घरी मुलांचं नाव ठाऊक आहे किंवा विचारलं जाईल, तिथे जावं. ज्यांना आपण आपल्या घरी बोलावणार नाही त्यांच्याकडे मागायला जाऊ नये. आणि कुणाचं दार वगळायची वेळ आली तर आधी त्या घरच्या माणसाला विचारावं, त्याच्या वतीने आपण ठरवू नये. बाकी मग अंधार पडायच्या आत निघावं, बरोबर एक मोठं माणूस असावं, शेंगदाणे न चालणारं मूल असेल तर आधी सांगून ठेवावं, या गोष्टी तुम्हाला माझ्यापेक्षा जास्त कळतात.

सण आपला की परका यावर घरोघर वाद चालू आहेत, ते चालू देत. मला विचाराल तर सण कुठूनही येवो, तो शेवटी शेजाऱ्याच्या दारापर्यंत पोचला की आपला होतो. तुमच्याकडे मुलांना कुठे नेता, आणि कुणाची दारं तुमच्या यादीत आहेत? जरूर सांगा. आमच्या दाराशी मात्र तीन पणत्या असतील, उजव्या बाजूला.