अण्णांच्या गाडीचे शॉकअप

मे २०२४ मध्ये आमची व्हायब्रेशन्सची ओरल होती. बाहेरून आलेल्या सरांनी विचारले, "अंडरडॅम्प्ड सिस्टीमचं रोजच्या जीवनातलं उदाहरण सांग." माझ्या आधीच्या तिघांनी 'स्प्रिंगला टांगलेलं वजन' हेच उदाहरण देऊन सरांना जांभई आणली होती. मी छाती पुढे काढून म्हणालो, "सर, मोटारसायकलचं मागचं सस्पेन्शन." सर एकदम सावरून बसले. "बरं, आणि सी शून्य झाला तर?" "सर, मग ती हलतच राहील." "व्हेरी गुड, नेक्स्ट!" त्या दिवशी रूम पार्टनरला माझ्याकडून वडापाव.

एवढा हुशार मुलगा दिवाळीच्या सुट्टीत बार्शीजवळच्या आपल्या गावी गेला आणि त्याने आईला गाडीवरून पाडले. त्याची ही गोष्ट.

आमच्याकडे २००४ सालची हिरो होंडा स्प्लेंडर आहे. माझे आणि तिचे जन्मवर्ष एकच. पुढे २०११ मध्ये कंपनीच्या नावातला होंडा गेला, पण आमच्या टाकीवर तो अजून आहे, थोडा खरवडलेला. अण्णा रोज पहाटे तिच्यावरून दूध घालायला जातात. दोन्ही बाजूंना दोन किटल्या, मागे कधी पेंडीचे पोते, कधी आई. मी हॉस्टेलवर असल्यामुळे गाडी माझ्या हातात सुट्टीपुरतीच. सुट्टीत माझ्याकडे एक काम ठरलेले असते, ते म्हणजे गाडी धुणे. घरात मेकॅनिकल इंजिनिअर होऊ घातलाय म्हटल्यावर गाडी त्यानेच धुवायची, असा आमच्याकडचा न्याय!

तर धुताना मला दर वेळी डाव्या शॉकअपवर काळे, चिकट तेल दिसायचे. धूळ बसून त्याचा नुसता लगदा झालेला. मी म्हणायचो, चेनचे उडत असणार. रॉकेल लावलेल्या फडक्याने पुसून लख्ख करायचो. पुढच्या सुट्टीत परत तेच, परत पुसले. दोन वर्षे मी ते तेल पुसत होतो.

लक्ष्मीपूजनाच्या आदल्या दिवशी आईला बार्शीच्या बाजारात जायचे होते. अण्णा शेतात होते, म्हणून गाडी मी घेतली. आई मागे एका बाजूला पाय सोडून बसली, मांडीवर पिशवी. गावाबाहेर ओढ्यावर एक छोटा पूल आहे. त्याच्या दोन्ही तोंडांना डांबराची ठिगळे टाकून टाकून चांगले दोन उंचवटे झालेत, आणि पूल संपला की लगेच उजवीकडे वळण. मी काही जोरात नव्हतो, चाळीसच्या आसपास असेन. पहिल्या उंचवट्यावर गाडी उडाली, खाली बसली, परत वर यायला लागली आणि तेवढ्यात दुसरा उंचवटा आला. आता गाडी जी उडाली ती काही केल्या खाली टेकेना. मागचे चाक वळणावर सरकले. मी कशीबशी गाडी सावरली. मागे वळून पाहिले तर आई रस्त्यावर.

डाव्या मनगटाचे हाड मोडले होते. सहा आठवडे प्लॅस्टर. दवाखान्यात भेटायला येणारा प्रत्येक जण आधी आईकडे बघायचा आणि मग माझ्याकडे. "पोरं काय, बुंगाट चालवत्यात!" मी चाळीस, चाळीस म्हणून सांगत होतो, कोण ऐकतो? अण्णा मात्र काही बोलले नाहीत. रात्री जेवताना एवढेच म्हणाले, "त्या पुलावर दुसऱ्या गिअरमध्ये घ्यायची असती. गाडी उड्या मारती तिथं."

"कधीपासून?"

"झाली की दोन वर्सं."

मी घास तसाच ठेवून उठलो आणि बॅटरी घेऊन गाडीपाशी गेलो. सीटचा मागचा भाग दोन्ही हातांनी दाबून सोडला. चांगले शॉकअप असले की गाडी एकदा वर येते आणि निमूट बसते. आमची गाडी वर, खाली, वर, खाली करत राहिली. बॅटरी खाली धरली, तर डाव्या शॉकअपवर तेच काळे तेल. या वेळी ते मी पुसले नाही.

आता ज्यांची ब्रँच वेगळी आहे त्यांच्यासाठी थोडेसे. (मेकॅनिकलवाल्यांनी हा परिच्छेद सोडला तरी चालेल, पण मी म्हणेन सोडू नका.) शॉकअपमध्ये दोन गडी असतात. बाहेर दिसते ती स्प्रिंग, ती गाडीला आणि माणसाला उचलून धरते. आत नळीत तेल असते आणि त्या तेलात बारीक भोकांचा पिस्टन वरखाली होतो. तेलाला त्या भोकांतून जाताना जोर पडतो, आणि खड्ड्याने दिलेली ताकद तिथे उष्णता होऊन संपते. नळीच्या तोंडाशी रबराचे सील असते. चिखल, धूळ, रॉडवर चढलेला गंज यांनी ते सील झिजते आणि तेल बाहेर पडू लागते. फसगत होते ती इथे. तेल गेले तरी स्प्रिंग ठणठणीत असते. गाडी खाली बसत नाही, वाकडी दिसत नाही, उलट गादीवर बसल्यासारखी मऊ लागते! आमच्या शेजारचे काका तर म्हणायचे, "तुमची गाडी लई आरामशीर हाय." गाडी अशी झुलते तेव्हा वर जाताना टायरचा रस्त्यावरचा भार कमी होतो. सरळ रस्त्यावर ते कळत नाही. वळणावर कळते.

तिसऱ्या दिवशी मी टेप घेऊन पुलावर गेलो. दोन उंचवट्यांमध्ये अंतर साडेपाच मीटर. घरी येऊन सीटवर पेंडीची पन्नास किलोची दोन पोती बांधली, चुलतभावाने हँडल धरले, मी कॅरिअर दाबून सोडला आणि अण्णांनी मोबाईलवर शूटिंग केले. मागे भिंतीवर खडूच्या रेघा. सेकंदाला साधारण दोन हेलकावे. पहिला हेलकावा तीस मिलिमीटर, पुढचा वीस, त्याच्या पुढचा तेरा-चौदा. कॅलेंडरच्या मागे लॉगरिदमिक डिक्रिमेंट मांडला. झीटा आला ०.०६! पुस्तकात वाहनांसाठी साधारण ०.२ ते ०.४ असतो, आणि आमच्या घरचा सी जवळजवळ शून्याला टेकलेला. मग वेग घातला. ताशी चाळीस किलोमीटर म्हणजे सेकंदाला अकरा मीटर. साडेपाच मीटरला अर्धा सेकंद. बरोबर एक हेलकावा. म्हणजे दुसरा उंचवटा पहिल्याच्या तालावर आला होता, झोपाळ्याला नेमक्या वेळी दिलेल्या झोक्यासारखा. रेझोनन्स. यावर मी परीक्षेत आकृतीसकट दहा मार्कांचे उत्तर लिहिले होते.

आणि अण्णा? दुसऱ्या गिअरमध्ये, चालत्या माणसाच्या जरा पुढे. दुसरा उंचवटा येईपर्यंत पहिला हेलकावा बराचसा मरून गेलेला असायचा. सातवी शिकलेल्या माणसाने उत्तर काढून ठेवले होते. फक्त ते मला कुणी सांगितले नव्हते, आणि मीही कधी विचारले नव्हते.

पुण्यात परत आल्यावर नाना पेठेत गेलो. मेसचे पैसे भरायचे होते, म्हणून हिशेब केला की गळतंय डावे, तर डावेच घेऊ. साडेआठशेला एक शॉकअप घेतले आणि पुढच्या शनिवारी ते मांडीवर घेऊन एसटीने घरी. गावातल्या गॅरेजवाल्या मामांना मोठ्या ऐटीत दाखवले. मामांनी ते हातात फिरवले आणि विचारले, "दुसरं कुठंय?"

"दुसरं चांगलं आहे मामा."

"बैलजोडीत एक तरणा अन् एक म्हातारा जुपला तर गाडा सरळ चालंल का रं? कितवीला हायेस तू?"

मी वर्ष सांगितले नाही. पण मामांचे बरोबर होते. दोन्ही बाजूंचा जोर सारखा नसला की चाक धरणाऱ्या चिमट्याला पीळ बसतो, आणि वीस वर्षांचे उजवे शॉकअप तरी किती टिकणार? नवे शॉकअप पलंगाखाली गेले. जोडीदार आणायला सेमिस्टरची परीक्षा संपायची वाट पाहावी लागली.

डिसेंबरअखेर काम काढले. आदल्या रात्री चारही ठिकाणी डिझेल सोडून ठेवले. सकाळी फरशीवर गाडी मेन स्टँडला लावली, कॅरिअर काढला, कारण तो वरच्या नटाखालीच अडकवलेला होता. मामांनी एकच बजावले होते, दोन्ही एकदम काढू नको. एक काढायचे, त्या जागी नवे बसवायचे, मगच दुसऱ्याला हात लावायचा, नाहीतर चाक खाली लोंबते आणि भोके जुळत नाहीत. उजवी बाजू अर्ध्या तासात झाली. डावीकडचा खालचा बोल्ट मात्र जागचा हलेना. पान्याला पाइप घालून मी लोंबकळलो. पाना निसटला, माझी बोटे सायलेन्सरच्या बाजूला नव्हती हे नशीब, नुसती फरशीवर सोलली. आई ओट्यावर बसून बघत होती. प्लॅस्टर निघून आठवडाच झाला होता, मनगट बारीक आणि पांढरे पडलेले. "हळू," म्हणाली. शेवटी अण्णांनी बोल्टच्या डोक्यावर हातोडीचे दोन बेताचे ठोके दिले आणि तो कुरकुरत सुटला. जुन्या शॉकअपच्या डोळ्यातले रबर झिजून अंड्यासारखे लांबट झाले होते.

नवी दोन्ही एकाच खाचेवर ठेवली. अण्णांच्या किटल्यांचा विचार करून मधली खाच. खालचे बोल्ट शेवटचे आवळले ते गाडी स्टँडवरून काढून, भावाला सीटवर बसवून. मग परत पोती, परत खडू, परत मोबाईल. गाडी दबली, वर आली, किंचित ओलांडली आणि थांबली. दुसरा हेलकावा मोजण्याएवढा उरलाच नाही. मी कॅलेंडरची पाठ घेऊन बसलो होतो.

"किती आलं?" अण्णांनी विचारले.

"मोजता येत नाही. दुसरा आकडाच मिळत नाही."

"म्हणजे बरं का वाईट?"

"बरं."

दुपारी आईला मनगट दाखवायला बार्शीला जायचे होते. मी चावी घेऊन उभा होतो. आईने माझ्याकडे पाहिले, गाडीकडे पाहिले आणि विचारले, "तुमी नेताय का?" अण्णांनी माझ्या हातातून चावी घेतली. मी मागून भावाच्या गाडीवर. पुलावर मला बघायचे होते नव्या शॉकअपचे काम. पण पूल आला तसे अण्णांनी गाडी दुसऱ्या गिअरमध्ये घेतली आणि चालत्या माणसाच्या जरा पुढे अशी अलगद नेली. आईने उजव्या हाताने कॅरिअर घट्ट धरलेला होता. वळण संपेपर्यंत तिने तो सोडला नाही.