थेंबाएवढं घर

मैत्रिणींनो, इथे अमेरिकेत मोटारीमागे जोडून न्यायची, पाण्याच्या थेंबाच्या आकाराची एक इवलीशी गाडी मिळते. १९३०च्या दशकापासून हौशी लोक ती घरीच बांधत आले आहेत. आत नुसतं झोपायचं, उभंही राहता येत नाही! स्वयंपाकघर मागे, झाकण वर उचललं की ओटा.

खर्च आवरायचा तर नुसता सांगाडा घ्यावा, आतलं काम घरी करावं. ‘हे’ चाकं नि दिवे पाहत बसले. मी आधी ओट्याची उंची पाहिली. प्लायवूडचा तक्ता ४ बाय ८ फुटांचा, म्हणून ४ फूट रुंदीची गाडी स्वस्त पडते. पण दोघांना ती दाटीचीच. ५ फुटी बरी.

वजनाला मात्र जपा. मोटार किती ओढू शकते ते तिच्या पुस्तिकेत असतं. भांडीकुंडी, पाणी धरून त्याच्या आत बसवायचं. एकूण वजनाचा १० ते १५ टक्के भार पुढच्या जोडावर हवा. मागची बाजू जड झाली, की भर रस्त्यात गाडी झुलू लागते.

म्हणून ओट्याखाली जड कपाटं ठोकूच नका. योसेमिटीच्या रानात तर अस्वलांपायी सगळं खाणं, अगदी लोणच्याची बरणीसुद्धा, मुक्कामावरच्या लोखंडी पेटीत ठेवावं लागतं. सुटे डबे असले की दोन फेऱ्यांत काम होतं.