चाचांच्या विहिरीचं ऋण

सांगली जिल्ह्यात कडेगावजवळ आमचं गाव. तिथल्या एका मुसलमान शेतकऱ्याचं माझ्या घरावर ऋण आहे. सारा गाव त्यांना चाचा म्हणायचा. मोहरमचा चंद्र दिसला की त्यांची आठवण अधिकच दाटून येते.

इस्लामी वर्षाचा हा पहिला महिना आणि चार पवित्र महिन्यांपैकी एक. रजब, जिल्काद, जिल्हज आणि मोहरम या महिन्यांत लढाई निषिद्ध. इस्लामच्या आधीपासून अरबस्तानात हा दंडक होता. त्यामुळे यात्रेकरू आणि व्यापारी निर्धास्त वाट चालत. अशाच मोहरमच्या दहाव्या दिवशी, हिजरी ६१ मध्ये, म्हणजे इ. स. ६८० च्या ऑक्टोबरात, करबलाच्या मैदानात पैगंबरांचे नातू इमाम हुसेन आणि त्यांचे सोबती मारले गेले. जवळून नदीचं पाणी वाहत होतं, पण यजीदच्या फौजेनं त्यांची पाण्याची वाट अडवली होती. तंबूत लहान लेकरंही तहानेनं व्याकूळ झाली होती.

ही हकीकत पुस्तकात मी फार नंतर वाचली. आधी ऐकली ती चाचांच्या ओट्यावर. आमच्या भागात मोहरम सगळ्यांचाच. कडेगावात बांबूचे उंचच उंच ताबूत उभे राहतात. आधी कळस बांधायचा आणि खालून एकेक मजला जोडत न्यायचा, अशी त्यांची बांधणी. त्यात हिंदू घराण्यांचेही ताबूत असतात. आमच्या गावचा ताबूत लहान, पण करबल खेळायला सगळ्या आळ्यांतली पोरं यायची. आईनं माझ्यासाठी नवस बोलला होता, म्हणून चाचा माझ्या गळ्यात नाडा बांधून मला फकीर करत आणि चाची हातावर गुळाचे चोंगे ठेवत.

मग १९७२ चा पावसाळा कोरडा गेला. गावचा आड आटला. आई दुष्काळी कामावर खडी फोडायला जाऊ लागली. घरात मिलोची भाकरी आणि कामावर मिळालेली सुकडी. चाचांच्या मळ्यातल्या विहिरीला तेवढं पाणी उरलं होतं. त्यावर त्यांचा शाळू सहज निघाला असता. त्यांनी मोट सोडून ठेवली आणि विहीर गावाला मोकळी केली. उभं पीक डोळ्यांदेखत वाळून गेलं.

गावात विहिरी आणखीही होत्या, पण कुठे कुंपण पडलं, कुठे जात आडवी आली. चाचांच्या रहाटावर मात्र सगळ्या वस्तीच्या बाया एकाच रांगेत उभ्या राहायच्या. एक जण हरकत घ्यायला आला, तेव्हा चाचा एवढंच म्हणाले, "पाणी अडवायचं काम यजीदचं. ते माझ्या हातनं व्हायचं न्हाई." आई कामावरून उन्हं कलल्यावर यायची. तोवर चाचींनी आमच्या दोन घागरी भरून दारात ठेवलेल्या असत.

चांद्रवर्ष सुमारे अकरा दिवसांनी लहान, म्हणून मोहरम सगळ्या ऋतूंतून फिरतो. १९७३ मध्ये तो फेब्रुवारीत आला. सरबताला साखर नव्हती. चाचांनी खडीच्या कामावर, लिंबाखाली रांजण मांडले आणि इमामांच्या नावानं नुसतं पाणी वाटलं. दहाव्या दिवशी त्यांचा स्वतःचा रोजा होता. कोरड्या ओठांनी ते येईल त्याच्या ओंजळीत पाणी ओतत होते. धर्म म्हणजे काय, हे मला त्या दिवशी जेवढं कळलं, तेवढं पुढे कोणत्याही प्रवचनानं शिकवलं नाही.

मोठेपणी मी एकदा त्यांना पैसे देऊ केले. ते म्हणाले, "पाण्याचं पैसं घेतलं तर इमामांना काय सांगू?"

आता टेंभू योजनेनं कृष्णेचं पाणी आमच्या भागात आलं आहे, रानात ऊस उभा आहे. चाचांच्या विहिरीवर कुणाला जावं लागत नाही. तिथे रांगेत उभ्या राहिलेल्या बायांपैकी फार थोड्या मागे उरल्या आहेत. आपली आई आणि आजी कुणाच्या पाण्यावर तगली, हे गावातल्या नव्या पोरांना कुणीतरी सांगायला हवं. ते पाणी मी प्यालो आहे, म्हणून ते सांगणं माझ्याकडे लागतं.