रिकाम्या गाडीची पारख

मोटरहोम घेऊन अमेरिका पाहायला निघालेल्या माणसाजवळ अख्खं घर असतं, पण कोपऱ्यावरून दूध आणायची सोय नसते. कॅम्पग्राउंडवर ४० फुटी गाडी एकदा समतल उभी केली, वीज-पाणी-सांडपाण्याच्या जोडण्या केल्या, की ती पुन्हा हलवायची म्हणजे सगळा पसारा आवरणं आलं. शिवाय जे पाहायला एवढ्या लांब यावं, तिथवर ती पोहोचतेच असं नाही. मोंटानातल्या ग्लेशियर नॅशनल पार्कमधला गोइंग-टू-द-सन रोड १९३२ साली पूर्ण झाला. कडा कोरून काढलेल्या त्याच्या मधल्या टप्प्यात २१ फुटांहून लांब किंवा ८ फुटांहून रुंद वाहनाला मज्जाव आहे. म्हणून मोठ्या मोटरहोममागे एक छोटी गाडी ओढत नेतात.

ती कोणती घ्यावी, हे निवृत्तीनंतर या वाटेला लागलेले मराठी मित्र मला हमखास विचारतात. एरवी आपण गाडी निवडतो ती चालवायला कशी वाटते यावरून. इथे प्रश्न उलटा आहे. शेकडो मैल ही गाडी बंद इंजिनाने, रिकामी, आपल्या चारही चाकांवर मागे धावणार आहे. कुणी आत नसताना ती काय सोसू शकते, यावर तिची पारख करायची.

सगळी मेख गिअरबॉक्समध्ये असते. बहुतेक ऑटोमॅटिक गाड्यांत गिअरबॉक्समधलं तेल फिरवणारा पंप इंजिनावर चालतो. इंजिन बंद, म्हणजे पंप बंद. चाकं मात्र फिरत असतात आणि त्यांच्याबरोबर आतले काही भाग कोरडेच फिरतात. बाहेरून काही दिसत नाही, आवाजही येत नाही. मुक्कामी पोहोचेपर्यंत गिअरबॉक्स आतून जळून गेलेला असतो. गाडी न्यूट्रलमध्ये टाकली म्हणजे झालं, हा समज म्हणूनच महागात पडतो.

नावावर जाऊन तर मुळीच चालत नाही. होंडाची सीआर-व्ही वर्षानुवर्षं मोटरहोमवाल्यांची लाडकी होती. गिअर ठरावीक क्रमाने फिरवून इंजिन थोडा वेळ चालू ठेवलं की ती ओढायला होंडाची परवानगी होती. २०१५च्या मॉडेलला सीव्हीटी, म्हणजे ठरावीक गिअर नसलेला ऑटोमॅटिक गिअरबॉक्स आला आणि ती परवानगी गेली. नाव तेच, २०१४ची चालते, २०१५ची चालत नाही.

मी स्वतः जीप रँग्लरच्या बाजूने आहे. तिच्या ट्रान्सफर केसला, म्हणजे गिअरबॉक्सची ताकद पुढच्या-मागच्या चाकांना वाटून देणाऱ्या भागाला, स्वतंत्र न्यूट्रल आहे, त्यामुळे चाकांचं फिरणं गिअरबॉक्सपर्यंत पोहोचतच नाही. निघताना आम्ही दोघं मिळून ती जोडतो. टो-बारचे, म्हणजे ओढायच्या जोडणीचे, दोन्ही दांडे गाडीच्या पुढे बसवलेल्या बेसप्लेटला लावून खिळी आणि क्लिपा घालायच्या, सुरक्षा-केबल्स दांड्यांखालून एकमेकींना छेद देत अडकवायच्या, दिव्यांची वायर जोडायची. मग ट्रान्सफर केस न्यूट्रलमध्ये टाकून मी इंजिन चालू करतो, रिव्हर्स टाकतो आणि ब्रेकवरून पाय काढतो. गाडी तसूभरही हलता कामा नये. ड्राइव्हमध्येही तेच. मग इंजिन बंद, गिअर पार्कमध्ये, स्टिअरिंग मोकळं, हँडब्रेक सोडलेला. मोटरहोम चार पावलं पुढे घेतो तेव्हा बायको मागे उभी राहून पाहते : दांडे खटकन लॉक झाले का, चारही चाकं फिरताहेत का. तिने हात दाखवल्याशिवाय आम्ही निघत नाही.

यानंतर वजनाचा हिशेब. मोटरहोमच्या मागच्या हिचवर, म्हणजे टो-बार अडकवायच्या जागेवर, ५,००० पौंड छापलेलं असतं, ते वाचून लोक निर्धास्त होतात. पण पेट्रोलवर चालणाऱ्या मोटरहोमच्या फोर्ड चासीचं एक जुनं, नेहमीचं उदाहरण घ्या : मोटरहोमच्या भरल्या वजनाची मर्यादा २२,००० पौंड, दोन्ही गाड्या मिळून २६,०००. मोटरहोम पूर्ण भरलेलं असेल, तर मागच्या गाडीला उरतात ४,००० पौंड. चार दारांची रँग्लर त्यातही बसत नाही. मोठ्या डिझेल मोटरहोमला एवढी ओढाताण नसते. पेट्रोलवाल्यांनी मात्र अंथरूण पाहूनच पाय पसरावेत.

ब्रेकच्या बाबतीत मी कुणाचीही गय करत नाही. मोटरहोमचे ब्रेक मुळात त्याच्या स्वतःच्या वजनासाठी असतात. कोलोरॅडोत आयझेनहॉवर बोगद्यातून, ११ हजार फुटांवरून उतरताना मागचे दोन टन पाठीवर येतात. त्या गाडीला स्वतंत्र ब्रेक-यंत्रणा हवीच, आणि जोडणी तुटली तर आपोआप ब्रेक लावणारी ब्रेकअवे केबलही. मागच्या गाडीचं टायर फुटलं तरी स्टिअरिंगवर बसलेल्याला ते जाणवत नाही, म्हणून तिच्या टायरांवर हवेचे सेन्सर हवेत. आणखी एक : गाडी जोडलेली असताना मोटरहोम रिव्हर्स घेऊ नका. पुढची चाकं आडवी वळतात आणि दांडे वाकतात. तिढा पडला, तर आधी गाडी सोडवायची.

तेव्हा गाडी पाहायला जाल, तेव्हा विक्रेत्याच्या शब्दावर विसंबू नका. त्याच वर्षाच्या मॉडेलचं मॅन्युअल मागून घ्या आणि मोटरहोममागे ओढण्याबद्दलचं पान तिथेच उभं राहून वाचा. ‘चारही चाकं जमिनीवर ठेवून ओढू नये’ असं लिहिलं असेल, तर रंग कितीही आवडो, किंमत कितीही उतरो, ती गाडी घेऊ नका. आणि पहिल्या प्रवासाआधी टाक्या, सामान, माणसं सगळं भरून ट्रक-स्टॉपच्या काट्यावर दोन्ही गाड्यांचं वजन करा. ते एक पान वाचल्याशिवाय पैसे देऊ नका आणि हे दोन आकडे हाती असल्याशिवाय निघू नका.