जुनी गाडी आणि तिचा आधीचा धनी

जिंतूर तालुक्यातल्या बोरीसारख्या मोठ्या गावी, जिथे काळ्या रानातला कापूस आणि सोयाबीन विकून हाती आलेल्या रकमेतून सोसायटीचे कर्ज, बी-बियाण्याची उधारी आणि सोयऱ्याधायऱ्यांची देणीघेणी भागल्यावर जे काही शिल्लक राहते त्यावरच घरादाराचे सारे मनोरथ अवलंबून असतात, तिथे चारचाकी घेण्याचा विचार कुणाच्या मनात आला तर ती गाडी बहुधा दुसऱ्या कुणाच्या दारात पाच-दहा वर्षे नांदून आलेलीच असते. कोरी गाडी घेणाराला रंग तेवढा पसंत करावा लागतो; बाकीची हमी कंपनीने घेतलेली असते. जुनी गाडी घेणाराच्या पाठीशी अशी कुणाचीच हमी नसल्यामुळे त्याला जाणत्या माणसांचा आधार शोधावा लागतो, आणि ही जाणती माणसे त्याला भेटतात ती उन्हे उतरल्यावर एखाद्या गॅरेजच्या दारात, जुन्या टायरवर, बाकड्यावर किंवा पालथ्या घातलेल्या ऑइलच्या डब्यावर बसलेली. एके काळी काळी-पिवळी जीप चालवून आता थकलेला ड्रायव्हर, पुण्याच्या कारखान्यात दोन-चार वर्षे काढून परत आलेला तरुण, गाड्यांच्या नादापायी शेताकडे थोडे कमीच पाहणारा एखादा शेतकरी आणि या सर्वांच्या मध्यभागी, बोलता बोलताही हातातला पाना खाली न ठेवणारा मिस्त्री, अशी ती बैठक असते.

या बैठकीतली बोलणी मी पुष्कळ ऐकली आहेत, आणि ती ऐकता ऐकता माझी अशी खात्री होत गेली आहे की जुन्या गाडीची पारख ही अखेर तिच्या आधीच्या धन्याची पारख असते. यंत्राला वाणी नसली तरी स्मृती असते. धन्याने ऑइल वेळेवर बदलले की नाही, खड्डा दिसल्यावर वेग आवरला की तसाच हाणला, घाट उतरताना गिअरचा आधार घेतला की नुसते ब्रेक जाळले, या सगळ्याची नोंद लोखंडात, रबरात आणि काजळीत होत असते, आणि ज्याला ती लिपी वाचता येते त्याच्यापुढे कोणतीही गाडी आपल्या पूर्वायुष्याविषयी फार काळ खोटे बोलू शकत नाही.

ही लिपी वाचताना मिस्त्रीला एकदा जवळून पाहावे. शेजारच्या गावातल्या एका शिक्षकाची २०१३ सालची स्विफ्ट, डिझेलवर चालणारी, विकाऊ असल्याचे कळल्यावर बोरीच्या एका शेतकऱ्याने ती गॅरेजवर बोलावली, तेव्हा चाचांनी (मिस्त्रीला सारे गाव याच नात्याने हाक मारते) किल्ली हातात घेण्याआधी बॉनेटवर तळहात ठेवला. इंजन थंड होते. विकणारा कित्येकदा गाडी आधीच तापवून आणतो, म्हणजे सकाळच्या पहिल्या सेल्फला जो धूर निघायचा तो निघून जातो. थंड इंजन दाखवायला आणणे ही विकणाराच्या सचोटीची पहिली खूण, असे चाचा मानतात. नंतर त्यांनी ऑइल भरण्याचे टोपण उघडून उलटे केले आणि त्याच्या पोटाशी साय धरल्यासारखा पांढुरका थर आहे का ते बोटाने पाहिले, कारण तसा थर असला तर ऑइलमध्ये पाणी मिसळले असण्याची आणि हेड गॅसकीट गेले असण्याची शंका येते. इंजन सुरू करून तेच टोपण नुसते तोंडावर ठेवले. ते थडथडून उडाले असते तर इंजन बॅक कॉम्प्रेशन मारते, म्हणजे रिंगा आणि बोअर झिजले, असा निर्णय तिथेच लागला असता. टोपण किंचित थरथरले आणि स्थिर झाले. चाचा मग मागे जाऊन सायलेंसरपाशी उकिडवे बसले. निळसर धूर म्हणजे ऑइल जळते. काळा धूर म्हणजे डिझेल पुरते जळत नाही, नोजल किंवा हवेच्या वाटेत काही दोष आहे. पांढरा धूर गाडी तापल्यावरही सुटतच राहिला तर पाण्याची वाट तपासावी. हे ज्ञान त्यांना कोणत्या पाठशाळेने दिलेले नाही, पण ज्या क्रमाने ते एकेक शक्यता बाजूला सारत जातात तो क्रम एखाद्या निष्णात वैद्याला शोभावा असा आहे.

सर्वांत अधिक वेळ त्यांनी घेतला तो आत बसून. मीटरवर आकडा एकूण चौऱ्याऐंशी हजारांचा होता. मीटर मागे फिरवणे हा जुन्या गाड्यांच्या बाजारातला जुनाच रोग, म्हणून आकड्यावर विश्वास न ठेवता चाचांनी क्लचच्या पायडलाचे रबर पाहिले, स्टेअरिंगवर हात जिथे विसावतात तिथला कातडीसारखा पोत चाचपला, ड्रायव्हरच्या बैठकीची दाराकडची कड दाबून पाहिली. आकडा बदलता येतो. दहा वर्षे रोज त्याच जागी टेकलेल्या टाचेचा झिजवटा बदलता येत नाही. टायरच्या कडेवरचे चार अंकही त्यांनी वाचले, ज्यांतले पहिले दोन आठवडा सांगतात आणि पुढचे दोन साल. चारी टायर एकाच सालचे निघाले.

"काय वाटू लागलं, चाचा?" शेतकऱ्याने विचारले.

"मालक, इंजन अजून खुललेलं नाही. हाताळणारा माणूस चांगला दिसू लागला," चाचा म्हणाले. इंजनाविषयीचा आणि माणसाविषयीचा असे दोन्ही अभिप्राय त्यांच्या मुखातून एका श्वासात बाहेर पडले, आणि बैठकीतल्या कुणालाही त्यात काही विशेष वाटले नाही.

दुरुस्तीची ही विद्या आपल्याकडे एवढी का वाढली, याचे कारण आपल्या मोटारींच्या इतिहासात आहे. वालचंद हिराचंद यांनी १९४४ साली स्थापन केलेल्या प्रीमिअर ऑटोमोबाइल्सच्या कुर्ल्याच्या कारखान्यातली फियाट आणि बंगालमधल्या उत्तरपाड्याची अँबॅसडर, प्रामुख्याने या दोन गाड्यांवर कैक वर्षे देशाची भिस्त होती. नाव नोंदवून दीर्घकाळ वाट पाहिल्यावर मिळालेली गाडी मोडीत काढण्याची कल्पनाच कुणाला सहन होण्यासारखी नव्हती. गाडी उघडावी, बोअर करावे, पुन्हा जोडावी, आणि ती धन्याच्या मुलाच्या लग्नातही चालावी, असा तो काळ. १४ डिसेंबर १९८३ रोजी पहिली मारुती ८०० ग्राहकाच्या हाती पडली आणि पुढे २०१४ पर्यंत निघत राहिलेल्या त्या लहानशा, तीन सिलिंडरांच्या, ७९६ सीसीच्या गाडीने जुन्या गाड्यांचा बाजार खऱ्या अर्थाने सामान्य माणसाच्या आवाक्यात आणून ठेवला. आमच्या भागात मात्र त्याही आधीपासून राज्य होते ते जीपचे आणि तिच्या मागून आलेल्या ट्रॅक्सचे, कारण पावसाळ्यात काळ्या मातीने रस्ता गिळला म्हणजे उंच चाकाच्या वाहनावाचून गत्यंतर नसे. नाशिकच्या कारखान्यात बनणाऱ्या बोलेरोला इथे आजही जो मान आहे, तो याच परंपरेने तिच्याकडे आलेला आहे.

प्रांताप्रांतांच्या हवेचाही गाडीवर संस्कार होतो, आणि बैठकीत या विषयावर रात्र सरली तरी बोलणे सरत नाही. मुंबई पासिंगची गाडी स्वस्त मिळाली तरी खाऱ्या हवेने तिचा पत्रा आतून खाल्लेला असू शकतो, म्हणून ती जॅकवर चढवून खालून पाहिल्याशिवाय बोलणी करू नयेत. सांगली-कोल्हापूरकडची असेल तर २०१९ च्या महापुरात ती बुडाली होती का, हे पाहण्यासाठी पायाखालचा गालिचा उचलावा आणि बैठकीच्या रुळांवरचा गंज व सीटबेल्ट पूर्ण ओढल्यावर त्याच्या तळाशी उमटलेली चिखलाची रेघ शोधावी. पुण्याची गाडी दिसायला नीटस, परंतु गर्दीत क्षणोक्षणी दाबला गेल्यामुळे तिचा क्लच बहुधा थकलेला. आणि आपल्या परभणीकडची, एमएच २२ ची? तिच्या वाट्याला चाळिशीच्या वर जाणारा उन्हाळा आणि फुफाटा आलेला असतो. शिवाय धन्याने कूलंटऐवजी बोअरचे क्षारयुक्त पाणी ओतले असेल तर रेडिएटरच्या नळ्यांत खडूसारखा थर बसलेला असतो. एअर फिल्टर झटकून पुन्हा लावणारा आणि तो वेळेवर बदलणारा, या दोन धन्यांच्या गाड्या पाच वर्षांनी दोन निराळ्या गाड्या झालेल्या असतात, असे चाचा म्हणतात ते याच अनुभवाने.

वेगाचे आणि ताकदीचे आकर्षण तरुणांना असायचेच, आणि ते असावे असे मला मनापासून वाटते. त्या स्विफ्टमधले १२४८ सीसीचे इंजन मूळचे इटलीच्या फियाटचे. तेच इंजन पुण्याजवळच्या रांजणगावातही तयार झाले, आणि मारुती, टाटा, फियाट अशा निरनिराळ्या नाममुद्रांच्या गाड्यांतून देशभर धावले. पुण्याहून परतलेला तरुण याविषयी बोलू लागला म्हणजे त्याच्या डोळ्यांत जे तेज येते ते पाहण्यासारखे असते: दोन हजार फेऱ्यांच्या खाली ते कसे सुस्त असते, टर्बोने हवा लोटायला सुरुवात केली की पाठ बैठकीला कशी टेकते, त्यात टायमिंगसाठी पट्ट्याऐवजी साखळी असल्याचा फायदा काय, हे तो इतक्या जिव्हाळ्याने सांगतो की ऐकणाऱ्या वृद्धांनाही त्या फेऱ्यांचा नाद कानी यावा. परंतु त्या ताकदीची किंमतही धन्याच्या वर्तनातूनच चुकती करावी लागते. लांबचा पल्ला मारून आल्यावर गाडी अर्धा मिनीट जागीच चालू ठेवावी, म्हणजे तापलेल्या टर्बोला ऑइलचा ओघ मिळत राहतो. दारात येताच किल्ली फिरवणाराच्या गाडीत तेच ऑइल आतल्या आत करपते. एप्रिल २०२० मध्ये नवे प्रदूषण-नियम लागू होताच मारुतीने डिझेल गाड्या बंद केल्या. जे इंजन आता नव्याने मिळणार नाही, त्याच्या बाबतीत अर्ध्या मिनिटाच्या त्या सबुरीचे मोल अधिकच वाढले आहे.

स्विफ्टचा सौदा चालू असताना त्या शिक्षकांनी स्वतः होऊन सांगितले की थंडीत दुसरा गिअर पहिल्या एक-दोन वेळा अडखळतो आणि डाव्या मागच्या दाराला एकदा धडक बसून तिथे लांबी भरलेली आहे. चाचांनी चुंबक लावून पाहिले होते. तो त्या दारावर चिकटला नव्हता, हे त्यांना ठाऊक होते आणि ते अजून बोलले नव्हते. या कबुलीने किंमत काही हजारांनी उतरली. पण तिच्यानंतर घासाघीस जवळजवळ थांबलीच. उरलेल्या प्रत्येक प्रश्नाचे गुरुजींनी दिलेले उत्तर शेतकऱ्याने मान्य केले. दोषाची कबुली देणाऱ्या विक्रेत्याचे नुकसान होते असे मानणाऱ्या व्यवहारचतुर लोकांनी हा अर्धा तास पाहायला हवा होता.

इसार दिला गेला आणि गोष्ट कागदांवर आली. इथे मात्र आपल्या लोकांच्या हलगर्जीपणाने मला खरोखर व्यथा होते. शेतजमिनीचा फेरफार झाल्याशिवाय ज्याला झोप लागत नाही, तोच माणूस गाडी विकताना टीटी फॉर्मवर कोऱ्या सह्या करून मोकळा होतो आणि आरसी बुकावरचे नाव वर्षानुवर्षे आपलेच राहू देतो. सर्वोच्च न्यायालयाने फेब्रुवारी २०१८ मध्ये नवीन कुमार विरुद्ध विजय कुमार या प्रकरणात निर्वाळा दिला आहे की गाडी कितीही हातांतून पुढे गेलेली असो, दप्तरात ज्याचे नाव आहे तोच कायद्याच्या दृष्टीने मालक, आणि अपघाताच्या भरपाईचे दायित्व त्याच्याच शिरावर. राज्यातल्या राज्यात गाडी विकली तर चौदा दिवसांच्या आत नोंदणी अधिकाऱ्याला कळवावे असे १९८८ चा मोटार वाहन कायदा सांगतो. त्यासाठीचे नमुने २९ आणि ३० हे चार ओळींचे कागद आहेत. बँकेचा बोजा चढलेला असेल तर तो उतरवल्याचा ३५ क्रमांकाचा नमुना आणि बँकेचे नाहरकत पत्र आधी हातात घ्यावे. गुरुजींनी कर्ज फेडले होते, परंतु आरसीवरचा बोजा उतरवायचा राहून गेला होता. तेवढ्यासाठी सौदा आठ दिवस थांबला, आणि शेतकऱ्याने तोपर्यंत उरलेली रक्कम दिली नाही. दोघांपैकी कुणालाही त्यात अविश्वास वाटला नाही. २०२८ साली या गाडीची पंधरा वर्षे भरतील, तेव्हा पुनर्नोंदणीचे शुल्क भरून ती पुन्हा पास करून घ्यावी लागेल. हाही हिशेब त्यांनी त्याच वेळी किमतीत धरला.

परभणीहून नाव बदलून आल्यावर गाडी पहिल्यांदा आली ती चाचांकडेच. आधीचा धनी कितीही निगुतीचा असो, ऑइल, तिन्ही फिल्टर, कूलंट आणि बाहेरचा पट्टा नव्याने घालूनच नवा संसार मांडावा, असा त्यांचा दंडक आहे. काम चालू असताना बैठक भरलेली होतीच, आणि त्या दिवशी वाद पेटला होता तो पेट्रोलमधल्या वीस टक्के इथेनॉलचा: शेजारी उभ्या असलेल्या जुन्या आल्टोच्या नळ्या ते सोसतील का, ॲव्हरेज किती उतरेल, आणि उसाला त्यामुळे भाव मिळत असेल तर आपण तक्रार करावी की करू नये. ड्रायव्हर एका बाजूला, शेतकरी दुसऱ्या बाजूला. चाचांनी स्विफ्टखालून डोके बाहेर काढले.

"नळ्या अन् पंपाचं रबर, दोन्ही बघून घ्या. कडक झालेले दिसले तर बदला," ते म्हणाले, "अन् टाकी महिनाभर भरून उभी ठेवू नका," आणि पुन्हा आत गेले.